मोहरीची उशी
फोडणीत मोहरी तडतडली की मला ठाकुर्लीचं माहेर आणि माझ्या लेकीची उशी आठवते. मी बाळंतपणाला गेले, तेव्हा आईने जुन्या सुती साडीची छोटी उशी शिवून ठेवलेली, आत धुऊन वाळवलेली मोहरी. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आमच्याकडे ती डोक्याखाली ठेवतातच. पण बाळाला घेऊन आई आणि मी तपासणीला गेलो, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवसा असो की रात्री, बाळाला उताणंच झोपवा, सपाट, घट्ट गादीवर. उशी नको, गोधडी नको. तोंडावर काही आलं तर त्याला बाजूला करता येत नाही." घरी येऊन दार लावलं आणि आई सुरू झाली, "तुम्ही भावंडं काय उशीशिवाय वाढलात?" मी म्हटलं, "अगं आई, पण हिचं तोंड उशीत वळलं तर?" आईने पाळण्यातली उशी काढली, बाळाला उताणं ठेवलं आणि बराच वेळ त्याच्या नाकाशी बोट धरून बसून राहिली. मग उठली, कात्रीने उशी उसवली आणि मोहरी बरणीत ओतली. "फेकायची कशाला?" म्हणाली. पुढे वरणापासून पालेभाजीपर्यंत मला सगळं त्याच मोहरीच्या फोडणीचं मिळालं. आता लेक शाळेत जाते. तिची वेणी घालताना आई डोक्यावरून हात फिरवते आणि मला ऐकवते, "बघ, कसं गोल झालंय! उशीतून नाही तर तुझ्या दुधातून, पण माझी मोहरी लागू पडलीच."