मोबाइलपर्यंत पोचणारा बास

मी बास गिटार वाजवते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोनपैकी एक प्रश्न विचारतो. एक, "म्हणजे गिटारच ना?" आणि दोन, "मग सहातल्या बाकीच्या दोन तारा कुठे गेल्या?" पहिल्याला मी मान हलवते. दुसऱ्याला काही बोलत नाही, कारण तापट म्हणून ऑफिसात माझं आधीच नाव झालेलं आहे. तिसरा प्रश्न मात्र आमच्या पप्पांनी विचारला आणि तो मला लागला.

पप्पा आणि आई आंबिवलीला राहतात. पप्पांचे गुडघे गेल्यापासून त्यांचं बाहेर पडणं भाजी मार्केटपुरतं उरलंय, आणि आमच्या बँडचे कार्यक्रम असतात ठाण्यात. त्यामुळे ते व्हिडिओ बघतात. आवाज मोठा यावा म्हणून मोबाइल स्टीलच्या पेल्यात उभा करतात आणि हाताची घडी घालून समोर बसतात. एका रविवारी मी घरी गेलेले, तेव्हा असाच व्हिडिओ संपला आणि ते म्हणाले, "त्या दाढीवाल्याचं गाणं ऐकू आलं. ड्रम ऐकू आला. तुझं काय वाजतं गं? का नुसती उभी असतेस?"

"उभी तरी छान राहते," आतून आई म्हणाली. ही तिची माझी बाजू घेण्याची पद्धत.

मी हसण्यावारी नेलं, पण परतीच्या वाटेवर तोच प्रश्न डोक्यात फिरत होता. तरुणपणी पप्पा वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. तालमीत कुणी जरा घसरलं की हात वर करून अख्खी पार्टी थांबवणारा माणूस. लोक त्यांना टरकून असायचे आणि तरी त्यांनाच बोलवायचे. गाण्याबजावण्यातलं जगात एकाच माणसाचं मत मला हवं होतं, आणि मी इतकी वर्षं वाजवत असूनही त्या माणसाने माझा एक सूर ऐकलेला नव्हता. कौतुक राहू दे, निदान नावं तरी ठेवायला त्यांना मी ऐकू यायला हवी होते.

दोष शोधणं हेच माझं पोटापाण्याचं काम. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिक पॅनेल तपासते. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. बासचा जाड, खालचा आवाज त्यातून बाहेरच पडत नाही. पण तोच आवाज थोडा खरखरीत केला की त्यावर बारीक आवाजांचा एक थर चढतो, आणि तो मोबाइलमधूनही ऐकू येतो. हे खरखरीत करण्याचं काम पेडल करतं. पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. तिचे तीन प्रकार. ओव्हरड्राइव्ह म्हणजे शिकवून शिकवून जरासा बसलेला आवाज. डिस्टॉर्शन म्हणजे पुरता बसलेला. आणि फझ म्हणजे भंगारवाल्याचा फाटका भोंगा. आता यातलं कुठलं घ्यायचं एवढाच प्रश्न होता. पुढचे दोन महिने मी दुसरं काही बोलले नाही असं आमचा ड्रमर सांगतो. तो डोंबिवलीत गणिताचे क्लास घेतो, त्याच्या हिशेबावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पहिलं पेडल फुकट मिळालं. आमचा गिटारवाला, म्हणजे पप्पांचा तो दाढीवाला, ठाण्यात दातांचा डॉक्टर आहे. "हे माझं डिस्टॉर्शन पडूनच आहे, घे," म्हणाला. आम्ही वागळे इस्टेटमधल्याच एका गाळ्यात, खोके बनवणाऱ्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर, प्रॅक्टिस करतो. तिथे मी ते जोडलं, पायाने दाबलं, आणि आठ मात्रांत ड्रमर थांबला.

"ए, बास कुठे गेला?"

"अरे, वाजवतेय की!"

"तू वाजवतेयस गं. पण गाण्याखालून जमीन काढून घेतलीस."

खरंच होतं. गिटारसाठी बनवलेलं पेडल खालचा आवाज गाळून टाकतं, कारण गिटारला त्याची गरज नसते. म्हणजे मोबाइलवर मी आले असते, पण हॉलमध्ये बसलेल्यांना सगळा बँड पोकळ वाटला असता. पेडल डॉक्टरला साभार परत केलं.

मग मी फझच्या प्रेमात पडले. एकाला त्याचं जुनं पेडल विकायचं होतं. तो राहायला पनवेलच्या बाजूला, मी डोंबिवलीत, म्हणून भेटायचं ठरलं शीळफाट्याला. मी बास पाठीवर घेऊन गेलेले, त्याने बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायर आणलेला. चहाच्या टपरीमागे आम्ही वायरी जोडल्या. समोरून कंटेनर, डंपर, टँकर, सगळ्यांचे हॉर्न एकदम, आणि त्या सगळ्याला कापत फझ गुरगुरला. दोन ट्रक ड्रायव्हर चहा घेऊन बघायला आले. त्यातला एक कळवळून म्हणाला, "मॅडम, खराब हो गया क्या?" मला तर ती पावतीच वाटली. जे शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये ऐकू येतं ते कुठेही ऐकू येणार, असा सोपा हिशेब करून मी पेडल घेऊन घरी आले.

घरी तर स्वर्गच. एक तार छेडली की खोली भरून जायची. शेजारच्या काकूंनी मिक्सर जळला का म्हणून बेल वाजवली, त्यांनाही मी आनंदाने वाजवून दाखवलं. त्या तेव्हापासून जिन्यात जरा लांबून जातात.

पण प्रॅक्टिसला गिटार आणि झांजा सुरू झाल्या आणि फझ त्यांच्यात विरघळून गेला. काहीतरी गुरगुरतंय एवढं कळे, कुठला सूर ते कळेना. मी ते मान्य करायला तयार नव्हते. प्रेमात होते. हट्टाने एक गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून पप्पांना पाठवलं आणि वाट बघत बसले. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी आईच्या मोबाइलवरून फोन आला.

"पप्पांचा मोबाइल दुरुस्तीला टाकलाय," आई म्हणाली. "तू पाठवलेलं लावलं आणि स्पीकरच गेला बघ. सगळं फरफर फरफर. दुकानवाला म्हणतो, काही बिघाड नाही, पण हे कुठे ऐकतात?"

मी फोन ठेवून आधी पोट धरून हसले. मग लाज वाटली. गुडघे धरत माणूस जिना उतरून दुकानापर्यंत गेला होता, माझ्या बासच्या पायी.

त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. मी पेडल निवडत होते ते एकटीने, बंद खोलीत, नाहीतर शीळफाट्यावर. पण मला वाजवायचं होतं बाकीच्यांबरोबर. कारखान्यात आम्ही पॅनेल लोडवर, म्हणजे खरा भार टाकून, चालवून बघितल्याशिवाय पास करत नाही. कुणी नुसतं टेबलावर तपासून सही केली तर मी त्याला फाडून खाते. आणि इथे मी स्वतः तेच करत बसले होते!

मग ड्रमरने ओळखीतून तीन पेडलं आठवड्याच्या बोलीवर आणली. तिन्ही बाससाठीच बनवलेली. मी माझा मोबाइल गाळ्याच्या लांबच्या खिडकीत ठेवला, एकच गाणं प्रत्येक पेडलवर वाजवलं, आणि रेकॉर्डिंग ऐकताना एवढंच विचारलं: कुठला सूर वाजला ते कळतं का? जे जिंकलं ते ओव्हरड्राइव्ह एकटं ऐकलं तर अगदीच बापुडवाणं होतं. पण त्याला एक जादा बटण होतं. मूळ स्वच्छ आवाज किती राखायचा आणि खरखर किती मिसळायची, ते त्यावर ठरतं. स्वच्छ आवाज खाली जाड राहिला, खरखर वर तरंगली. ड्रमर न थांबता शेवटपर्यंत वाजवत राहिला, डॉक्टरने गाता गाता अंगठा दाखवला. सगळी बटणं जागेवर आणून मी त्यांच्यावर पांढऱ्या पेंटची खूण केली, कारखान्यात नट आवळल्यावर करतो तशी.

पुढच्या महिन्यात ठाण्यात छोटा कार्यक्रम झाला. ड्रमरच्या बायकोने व्हिडिओ काढला, तो मी पप्पांना पाठवला आणि रविवारी आंबिवलीला गेले. काही विचारायचं नाही असं ठरवून गेलेले. आईने पोहे दिले. पप्पांनी स्वतःहून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर अख्खं गाणं पुन्हा लावलं. त्यांची बोटं मांडीवर चालत होती. मी पोह्यांतले शेंगदाणे मोजल्यासारखी खाली बघत होते. गाणं संपलं.

"दुसऱ्या कडव्यानंतर तू घाई केलीस," पप्पा म्हणाले. "अर्धी मात्रा आधी आलीस."

खरं होतं. ड्रमरला कळलं नव्हतं, डॉक्टरला कळलं नव्हतं, समोर बसलेल्या एकालाही कळलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, "कुठे? काहीतरीच पप्पा!"

त्यांनी चष्मा वर केला, बोटाने व्हिडिओ मागे सरकवला, आणि बरोबर त्या जागेवर आणून हात वर केला.