आईसाठी रायफल

वर्ना टॉलेफसनने चाळीस वर्षं हरणाचं मटण शिजवलं, पण हरीण म्हणून एकही मारलं नाही. नवरा लॉईड दर ऑक्टोबरात शिकारीला निघायचा आणि "तू कशाला थंडीत कुडकुडतेस" म्हणून हिला घरी ठेवायचा. तो आणणार, ही सोलणार, कापणार, निम्म्याचे सॉसेज करणार. लॉईड गेल्यावर त्याचे भाऊ आले आणि त्याच्या सगळ्या रायफली गाडीत घालून घेऊन गेले. वर्नाला कुणी विचारलंसुद्धा नाही. मोंटानाच्या त्या उत्तरेकडच्या गव्हाच्या मुलखात बिनबंदुकीचं घर शोधून सापडायचं नाही, पण डन्स क्रॉसिंग गावात वर्नाचं घर तसं झालं.

वर्ना शाळेची बस चालवायची. बुटकी, रुंद खांद्यांची, तोंडाने फटकळ बाई. लांबलांबच्या शेतांवरची मुलं सकाळी अंधारात रस्त्याच्या कडेला उभी असायची, ती एकेकाला गोळा करत शाळेत आणायची. कुणाची आई आजारी, कुणाची गाय व्यायली, हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. तिची नात बेथनीही त्याच बसने जायची, थेट आजीच्या मागच्या सीटवर बसून.

वाढदिवस जवळ आला तेव्हा भांडी घासता घासता ती मुलीला, मार्लाला म्हणाली, "यंदा मला स्वेटर नको हं. रायफल दे."

"काय?"

"रायफल. तुझ्या बापाने जन्मभर माझ्या हातात सुरी दिली. आता त्याच्या आधीचं काम करून बघते."

मार्लाला हसू आलं आणि बरंही वाटलं. बाबा गेल्यापासून आईने स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. शनिवारी आईनेच गाडी चालवली आणि दोघी ऑरिनच्या दुकानात गेल्या. ऑरिन लॉईडचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या दुकानात बंदुका, गळ, बूट, सुकवलेलं मांस, सगळं एकाच छपराखाली, आणि भिंतीवर एल्क नावाच्या त्या थोराड हरणाचं पेंढा भरलेलं डोकं.

"हिला जड रायफल नको," ऑरिन म्हणाला. "खांद्याला धक्का बसला की दुसऱ्यांदा हात लावणार नाही."

"तीस पोरांचा कल्ला रोज पाठीवर घेते मी. तुझ्या काडतुसाने काय होतंय?"

"कल्ला खांद्याला लागत नाही, वर्ना."

त्याने तीन रायफली काढून काऊंटरवर ठेवल्या. पहिलीचा दस्ता लांब पडला. दुसरी वर्नाला आवडली, पण उचलून धरल्यावर तिचा हात थरथरायला लागला. तिसरी हलकी, अक्रोडाच्या लाकडाची, नळी आखूड. वर्नाने ती हातात घेतली आणि लहान बाळ घ्यावं तशी तोलून पाहिली. मार्लाने मनात ठरवलं, हीच.

"खांद्याला लाव," ऑरिन म्हणाला. "डावा डोळा मीट. उजव्याने दुर्बिणीतून बघ. एल्क दिसतोय?"

वर्नाने गाल दस्त्याला टेकवला, डावा डोळा मिटला. "दिसतोय की. नाकावरचे केससुद्धा मोजून देते."

मार्ला हसली. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर काळं रबरी झाकण तसंच होतं. ऑरिन काढायला विसरला होता. "आई, पुरे झाली मस्करी. झाकण लावलंय."

वर्ना हसली नाही. तिने रायफल खाली घेतली, पुढचं झाकण पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ही मस्करी नव्हती, हे मार्लाला त्या चेहऱ्यावरून कळलं.

ऑरिनने हळूच तिच्या हातातून रायफल काढून घेतली. "वर्ना, डावा डोळा मिटूनच ठेव जरा. माझ्या हातात काय आहे, सांग."

त्याने काडतुसांचं लाल खोकं वर धरलं होतं. हातभर अंतरावर.

वर्नाने मान इकडून तिकडे वळवली.

"सांग ना."

"साधं गिऱ्हाईक करायला इतका वेळ लागतो होय रे तुला?" ती एकदम ओरडली, पर्स काखेत मारली आणि बाहेर पडली. जाताना उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला.

मार्ला खोक्याकडे बघत उभी राहिली. तिच्या डोक्यात एकामागून एक गोष्टी यायला लागल्या. आई कॉफी ओतताना कपाच्या बाहेर सांडायची. बोलताना कोंबडीसारखी मान वळवायची. अंगणातली टपालपेटी तिच्या गाडीखाली आली तेव्हा तिने बर्फाला शिव्या घातल्या होत्या. आणि बस. बसचा दरवाजा उजवीकडे. मुलं चढतात, उतरतात ती उजवीकडून.

"जा तिच्याकडे," ऑरिन म्हणाला. "आणि गाडी तू चालव."

वर्ना गाडीत स्टिअरिंगसमोर बसली होती. मार्लाने दार उघडलं. "सरक."

"मी आणली गाडी, मीच..."

"सरक, आई!"

वर्ना सरकली. मार्ला स्टिअरिंगमागे बसली.

"कधीपासून?"

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून. सकाळी उठले तर उजव्या बाजूला पडदा ओढल्यासारखं. वाटलं, डोळ्यात काही गेलं असेल. मग तसंच राहिलं."

"डॉक्टर?"

"डॉक्टरने बस काढून घेतली असती."

"मग घेऊ दे की! त्यात मुलं असतात, आई. माझी बेथनी असते!"

"माझ्या मागेच बसते ती. तिला मी काही होऊ देईन?" वर्ना तिच्याकडे वळली. "तुझा बाप गेल्यावर दुपारपर्यंत माझ्याशी कोण बोलतं, ठाऊक आहे तुला? तीच पोरं. 'गुड मॉर्निंग, मिसेस टी' म्हणत एकेक वर चढतं. ते गेलं तर मी काय, फ्रिजशी बोलू?"

"पुढच्या महिन्यात बस चालवणाऱ्यांची दोन वर्षांनी होणारी डोळ्यांची तपासणी आहे ना? काय करणार होतीस?"

"डावा झाकायला सांगितला की बोटांच्या फटीतून त्यानेच वाचणार होते," वर्नाने सांगून टाकलं.

ज्या बाईने लहानपणी चोरून खाल्लेल्या एका बिस्किटासाठी मार्लाला दुकानात परत नेऊन माफी मागायला लावली होती, ती हे सांगत होती.

मग वर्ना खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "अजून एक आहे. दोन आठवड्यांपूर्वी ती बारकी हॅटी बसमधून उतरली. तिचा हातमोजा पडला, तो उचलायला ती पुढच्या चाकापाशी वाकली. मला दिसली नाही. मी गियर टाकला. मागून मोठ्या पोरी किंचाळल्या, म्हणून थांबले. बस हलली होती, मार्ला. इतकीशी." तिने दोन बोटांत अंतर दाखवलं. "कुणालाच बोलले नाही. पोरींना वाटलं, मी त्यांना घाबरवायला म्हणून केलं."

मार्ला दार उघडून खाली उतरली आणि गाडीला टेकून उभी राहिली. वारा सुटला होता. हॅटी सहा वर्षांची होती, समोरचे दात पडलेली. मागच्या रविवारी चर्चमध्ये तिने मार्लाला जीभ दाखवली होती.

ती परत आत बसली तेव्हा वर्नाने बसच्या किल्ल्यांचा जुडगा पर्समधून काढून मांडीवर ठेवला होता.

"डेलकडे घे," वर्ना म्हणाली. डेल शाळेच्या बसगाड्यांचं काम बघायचा. "सोमवारची वाट बघितली तर माझा धीर सुटेल. तू बोलू नकोस. मी बोलेन."

डेल घराच्या गॅरेजमध्ये टांगलेलं हरीण सोलत होता. वर्नाने किल्ल्या त्याच्या टेबलावर ठेवल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, हॅटीचंही. डेल ऐकता ऐकता उलट्या बादलीवर खाली बसला. त्याची स्वतःची दोन मुलं त्याच बसने जायची.

"दीड वर्ष?" तो इतकंच म्हणाला. मग पुन्हा, "दीड वर्ष, वर्ना?"

"हो."

"जा. आत्ता जा माझ्या घरातून. नंतर बोलू."

नंतर तो बोललाच नाही. गावात बातमी संध्याकाळपर्यंत पसरली. दुकानात वर्ना आली की बायका दुसऱ्या रांगेकडे वळायच्या. हॅटीच्या आईने रस्त्यात गाठून तिला तोंडावर सुनावलं, आणि वर्ना मान खाली घालून उभी राहून सगळं ऐकत राहिली. लोकांना धक्का तिच्या डोळ्याचा नव्हता. ज्या बाईच्या हाती आपण मुलं दिली, तीच आपल्याला फसवत होती, याचा होता. मार्लालाही तोच होता. रात्री बेथनीला पांघरूण घालताना तिचा हात तिथेच थबकायचा.

ग्रेट फॉल्स शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याची रक्तवाहिनी बंद पडली आहे, दृष्टी परत येणार नाही. आणि डाव्या डोळ्यातही दाब वाढलाय, अजून उशीर केला असतात तर तोही गेला असता. वर्नाने औषधाची बाटली घेतली आणि पर्समध्ये टाकली.

तो हिवाळा ती खिडकीशी बसून राहिली. बोलणं कमी झालं, फटकळपणा गेला. मार्लाचा राग निवला नव्हता, पण आई गप्प झालेली तिला सोसवेना. वसंतात ऑरिनचा फोन आला. "एक डाव्या हाताची रायफल आलीय. काडतूस भरायचा दांडा डावीकडे. डाव्या डोळ्याने नेम धरता येतो."

"तिच्या हातात बंदूक? आता?"

"गोळी झाडायला एकच डोळा लागतो, मार्ला. बस चालवायला दोन. आणि यात ती कुणाला फसवत नाही."

मार्ला दोन दिवस विचार करत राहिली. मग जाऊन घेऊन आली. वर्नाने खोकं उघडलं आणि मुलीकडे बघतच राहिली. "मला वाटलं, आता तू मला भाजी चिरायची सुरीसुद्धा देणार नाहीस."

"मलाही तसंच वाटलं होतं."

उन्हाळाभर दोघी जुन्या खडीच्या खाणीत जाऊन डबे फोडत होत्या. वर्ना आधी प्रत्येक वेळी उजव्याच खांद्याला रायफल लावायची आणि स्वतःलाच शिव्या द्यायची. एकदा दुर्बीण भुवईला लागून रक्त आलं. डाव्याची सवय व्हायला गव्हाची कापणी उजाडली.

शिकारीच्या हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात ओढ्याकाठच्या झुडपांतून हरणाची एक मादी बाहेर आली. गोळी झाडली तशी ती दोन उड्या मारून आडवी झाली. वर्ना गवतातून चालत गेली, गुडघे टेकले आणि मानेवर हात ठेवला. लगेच चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अगं, ही गरम आहे!"

"असणारच ना, आई."

"मी आजवर गार झालेलीच पाहिली." वर्नाच्या डोळ्यांतून, दोन्ही डोळ्यांतून, पाणी वाहायला लागलं. "तुझा बाप हे कधी बोलला नाही."

मार्ला तिच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने वर्नाने नाक पुसलं, बाह्या वर सारल्या आणि सुरी मागितली. पोट फाडण्यापासून गाडीत चढवण्यापर्यंत तिने मुलीला हात लावू दिला नाही.