अमृतच्या कागदावरचा करपा

तासगावच्या बाजूला, द्राक्षबागांच्या मधोमध असलेल्या गावात अमृतचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जळालेली मोटार त्याच्याकडे आली की दोन दिवसांत नव्यासारखी होऊन जाते. हात सोन्याचा आहे, पण परवाना नाही. आयटीआय होऊन नऊ वर्षं झाली, तरी वायरमनची परीक्षा राहिलेलीच. त्यामुळे वायरिंगचं मोठं काम आलं की ते तालुक्याच्या, परवाना असलेल्या पप्पूच्या नावावर घ्यायचं, आणि गावाने ह्याला 'पप्पूचा माणूस' म्हणायचं. ते शब्द कानावर आले की अमृतच्या तोंडाला कडू चव यायची. चिडायचा मात्र तो पप्पूवर नाही, स्वतःवर. कारण चार वर्षं त्याने फॉर्म भरला होता आणि चारही वर्षं परीक्षेच्या दिवशी तो दुसरीकडेच कुठेतरी होता.

पाचव्यांदा फॉर्म भरला तेव्हा मोबाईलवर कुणीतरी सांगितलेला उपाय त्याने उचलला. रोज सकाळी दिवसभराच्या कामांची यादी करायची आणि झालेल्या कामापुढे बरोबरची खूण करायची. जाड पुठ्ठ्याची डायरी आली, चार रंगांची पेनं आली. ज्या दिवशी घरच्या बागेची छाटणी सुरू झाली, त्याच दिवशी अमृतची यादीही सुरू झाली. पहिली ओळ हिरव्या शाईत: 'पुस्तक, प्रकरण १'.

बागेचं सगळं रेश्मा बघते, त्याची बायको. बागेतल्या शेडच्या भिंतीवर तिचा कागद असतो. करपा पडून पानांवर डाग येऊ नयेत म्हणून छाटणीपासून कितव्या दिवशी काय फवारायचं, कुणी फवारायचं, किती वाजता. द्राक्षवाल्यांच्या घरात त्या दिवसांत तारीख कुणी विचारत नाही, 'बाग कितव्या दिवसात हाय?' असं विचारतात.

बाग एक्केचाळिसाव्या दिवसात असताना रेश्माने मोबाईलचा चार्जर शोधायला ड्रॉवर उघडला आणि डायरी तिच्या हाती लागली. ती जेवायला बसलेल्या अमृतपुढे उभी राहिली.

"आवं, एक्केचाळीस दिसांत आपली बाग काडीवरनं फुलोऱ्यात आली. तुमचं प्रकरण एक अजून एकच हाय व्हय?"

"ठेव ती खाली. हिशेब आमच्या कामाचा हाय."

"काम? हे बघा की. 'आंघोळ', बरोबर. 'मोबाईल चार्ज', बरोबर. 'चहा', त्याला बी बरोबर! श्वास घेतल्याला लिवला न्हाई वाटतं."

ती हसत भांडी घासायला गेली. अमृतने घास तसाच ठेवला आणि डायरी चाळली. प्रत्येक पानावर हिरव्या शाईत तीच ओळ, आजच्या पानावरून उद्याच्या पानावर, सुबक अक्षरात उतरवलेली. ओळ उतरवली की त्याला काम केल्यासारखं वाटायचं, हे त्याला आत्ता कळलं. खाली बरोबरच्या खुणांची रांग होती. त्या खुणा करता याव्यात म्हणूनच ती कामं लिहिलेली. नासक्या दुधाचं भांडं उघडल्यावर येतो तसा वास त्याला त्या पानांतून आला. डायरी त्याने चुलीत घातली. पुठ्ठा जाड होता, नीट जळेनासुद्धा.

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये रेश्माकडे गेला. "तुझी एखादी फवारणी चुकली तर तू काय करतीस?"

"फुली मारते. कशानं चुकली ते लिवते."

"मग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिसाचं औषध दुसऱ्या दिसाला. कालचं आणि आजचं एकदम मारलं तर पानं जळत्यात. गेला त्यो दिस गेला."

अमृतने तिच्या कागदाशेजारी आपला कागद चिकटवला. परीक्षेपर्यंत एकवीस दिवस, रोज एकच ओळ: पहाटे पाच ते सात, अमुक पानं. चुकलं तर लाल फुली आणि कारण. पुढच्या दिवशी ते उतरवायचं नाही.

पहिल्या आठवड्यात पाच फुल्या पडल्या. कारणंही सगळ्यांसमोर लिहावी लागली: 'जाग आली नाही', 'मोबाईल बघत बसलो', पुन्हा 'मोबाईल'. मजूर बायकांबरोबर घड विरळायला आलेल्या शालूबाईला अक्षर वाचता येत नाही, पण लाल रंग दिसतो.

"दादा, रेश्माताईची बाग निर्मळ हाय. तुमच्या बागंवर लय करपा पडलाय की वं!"

बायका खो खो हसल्या. अमृतला त्या शेडमध्ये उभं राहवेना. त्या दिवशी त्याने अभ्यास न करताच बरोबरची खूण केली. दुपारभर ती खूण भिंतीवर चिकटलेल्या पिंकेसारखी त्याला दिसत राहिली. चहाच्या वेळी, सगळ्या बायका बघत असताना, त्याने त्या खुणेवर फुली मारली आणि कारण लिहिलं: 'खोटं'. त्यानंतर फुल्या कमी झाल्या. संपल्या नाहीत.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याचे वडील, आप्पासो, बागेतून आले. मणी अपेक्षेपेक्षा लवकर वाढले होते. घड औषधात बुडवायचं काम उद्याच करावं लागणार होतं, आणि दोन बायकांनी येत नसल्याचा निरोप पाठवला होता.

"अमृत, उद्या तू बी लागशील बागंला. परीक्षा काय पळून जाती व्हय? पुढल्या साली दे. मणी थांबत न्हाईत."

अमृतच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. किती सोपं झालं! आपण काहीच केलं नाही, बागेनंच अडवलं. आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच त्याला अशी शिसारी आली की तो उठून बाहेर गेला आणि खरोखरच थुंकला. चार वर्षं हेच झालं होतं. कधी मोटार, कधी लग्न, कधी पाऊस. कारण सांगणारा दुसरा होता, त्यावर खूश होणारा तोच.

आत येऊन तो म्हणाला, "आप्पा, मी सांगलीला जाणार. दोन-अडीचपत्तर येतो. आल्यावर अंधार पडंस्तवर बुडवतो."

"आणि बाग?"

रेश्मा पिठाच्या हातानं बाहेर आली. "बागंचं मी बघते की. इतकी वर्सं कोण बघतंय?"

आप्पासो रागाने चपला घालून परत बागेकडे गेले.

सकाळी अमृत पहिल्या एस्टीने गेला. अडीच वाजता परत आला, शर्ट बदलला आणि वेलींच्या ओळीत शिरला. पलीकडून आप्पासो घड बुडवत येत होते. दोघे एकाच वेलीपाशी आले तेव्हा आप्पासोंनी विचारलं,

"पेपर कसा गेला?"

"निम्मा आला, आप्पा."

"आणि निम्मा?"

"वाचला नव्हता."

आप्पासोंनी मान वर करून लेकाकडे बघितलं. तो नेहमीसारखं काहीतरी कारण सांगेल म्हणून ते थांबले. अमृतने पुढचा घड धरला.