मेंढरं बसवलेली जागा

जमिनी दाखवणं हा माझा धंदा. फार्महाऊससाठी जागा बघायला पुण्याहून एक जोडपं निरगुडसरला येणार होतं. उद्या गिऱ्हाईक येतंय, असं मी जमिनीच्या मालकाला, म्हणजे काकांना, फोनवर सांगितलं आणि तिथंच चुकलं. आमच्याकडं रान विकायचं म्हणजे ते कसदार दिसलं पाहिजे!

सकाळी पोचतो तर काकांनी खतासाठी रात्रभर रानात मेंढरं बसवलेली. जिकडं तिकडं लेंड्यांचा सडा, आणि मुताचा वास पार रस्त्यापर्यंत. मॅडम पांढऱ्या बुटांत गाडीतून उतरल्या आणि तशाच परत आत बसल्या. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"लई भारी खत पडलंय, पावणं," काका छाती फुगवून म्हणाले. "आता काय बी टाका, उगवंल."

"आम्हाला निसर्ग हवा होता," साहेब माझ्यावर डाफरले.

मग हा काय प्लॅस्टिकचा आहे? पण गिऱ्हाईकाला असं विचारता येत नाही. गाडी धुरळा उडवत गेली.

संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला. जागा नको, पण त्या खताची एक गोणी पाठवाल का? मॅडमचे बाल्कनीतले गुलाब फुलत नाहीत.