शांत दिसणाऱ्या पेशी

आज सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशी ठणठणीत दिसत होत्या. द्राक्षबागेत फवारतात ते औषध त्यांना अगदी थोडं दिलं होतं आणि एकही मेली नव्हती. पण त्यांची जनुकं तपासली, तेव्हा वेगळंच कळलं. विष बाहेर टाकणारी, मोडतोड सांधणारी जनुकं एरवी निवांत असतात. ती सगळी जोरात कामाला लागली होती. घरातून धूर दिसत नव्हता, पण आत माणसं पाणी घेऊन धावत होती.

मला वडील आठवले. दुसऱ्यांच्या बागा फवारून त्यांनी मला शिकवलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ते अजून पिंपातलं औषध उघड्या हातानं ढवळतात. काठीला गुठळ्या कळत नाहीत, म्हणतात. मी पाठवलेले हातमोजे खुंटीला टांगलेत.

संध्याकाळी फोन करून त्यांना हे सगळं सांगितलं.

"माझ्या हाताला साधी खाज न्हाई, मास्तरीणबाई. तुझ्या पेशी तरी मेल्या का?"

"नाही अण्णा. पण आतून झुंजतायत."

"म्हंजे जित्या हायत की!" ते हसले.

"फवारणीची माझी कापडं तुझी आई हातानं धुती," ते हळूच म्हणाले. "तिच्यातबी असंच चाललं आसंल?"

"बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. पण असू शकतं."

फोन चालूच होता. "अगं ए," त्यांनी आईला हाक मारली, "ठेव ती कापडं. खुंटीवरचं मोजं दे हिकडं. मी धुतो."