पुसणाऱ्या बाई

प्रश्न विचारून झाला की बाई दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. समोरच्यानं उत्तर दिलं, उत्तर संपलं, तरी गप्पच. समोरचा आधी थोडा हसायचा, मग कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघायचा, मग छताकडे. बाई त्याच्याकडे बघत राहायच्या. त्या बघण्यात राग नसे आणि कौतुकही नसे. फलाटावर गाडीची वाट बघणारा माणूस बघतो तसं ते बघणं होतं. अर्धं मिनिट गेलं की तो माणूस पुन्हा बोलायला लागायचा, आणि हे दुसऱ्यांदा बोललेलं पहिल्यापेक्षा वेगळंच निघायचं.

आमच्या वऱ्हाडात विचारण्याला पुसणं म्हणतात. त्यामुळे अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जी थोडी मंडळी गाणी रचत होती, चित्रं काढत होती, मोबाइलवर सिनेमे करत होती, त्यांच्यात बाईंचं नाव ‘पुसणाऱ्या बाई’ पडलं. निवृत्त होईपर्यंत त्या अमरावतीच्या बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसत. तिथेच त्या हे शिकल्या, असं त्यांचं म्हणणं. माणूस खिडकीशी येतो, परतवाड्याची गाडी कितीला आहे ते विचारतो, वेळ सांगितली तरी हलत नाही. मग हळूच विचारतो, आधीच्या गाडीत एक बाई लेकरू घेऊन चढली का? “पयल्यांदा मानूस गाडी पुसते,” बाई म्हणायच्या, “खरी गोठ दुसऱ्यांदा निंगते.” निवृत्तीनंतर हे कशाला सुरू केलं, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “इतकी वरसं लोकाईनं मले पुसलं. आता माही पाळी.”

मी बडनेऱ्याचा. लग्नाचं शूटिंग करतो. त्यांच्या भाचीच्या लग्नात मी कॅमेऱ्यावर होतो, तिथे त्यांनी मला हेरलं. रविवारी मोकळा असतोस का, एवढंच विचारलं. त्या रविवारपासून जवळजवळ चार वर्षं आम्ही दोघं फिरलो. त्या बसनं जायच्या, मी कॅमेऱ्याची पिशवी आणि स्टँड घेऊन त्यांच्या शेजारी. मुलाखती यूट्यूबवर टाकायचो. पन्नास-साठ लोक बघायचे, त्यातले निम्मे त्या कलाकाराचेच नातेवाईक. मी आकडे बघून चिडायचो. बाईंनी ते आकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या पेट्यांवरची चित्रं काढणारे एक गृहस्थ होते. बाईंनी त्यांना चित्रकार म्हटलं तर ते अवघडले. पेटीवरच्या चित्रात कला कसली, व्यापारी सांगेल ते काढायचं, असं म्हणाले. बाई गप्प बसल्या. जरा वेळानं त्या गृहस्थांनी एक जुना लेबलचा कागद आणला आणि झाडाच्या पानांत बोट ठेवून दाखवलं. पानांच्या रेषांमध्ये त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. प्रत्येक चित्रात ते अक्षर लपवलेलं होतं आणि आजवर एकाही व्यापाऱ्याला ते दिसलेलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये बाईंनी तो कागद दोनदा पर्समधून काढून बघितला.

मुलाखत संपली की त्यांचा एक नियम असे. त्या विचारायच्या, याच्यातलं काय ठेवू नको? समोरचा जे सांगेल ते मी त्याच्यादेखत पुसून टाकायचं. परतवाड्याला एक मुलगी शिवणाच्या दुकानात काम करून वऱ्हाडीत रॅप करायची. घरी सांगायची की कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. तिनं तिच्या वडिलांबद्दल एक वाक्य बोललं आणि शेवटी तेच काढून टाका म्हणाली. सबंध मुलाखतीत तेवढंच एक वाक्य लक्षात राहण्यासारखं होतं. मी बाहेर येऊन बाईंशी भांडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “गोठ तिची हाय. आपन फक्त आयकली.” मी आत जाऊन ते वाक्य काढून टाकलं. मनात मात्र बसून राहिलं की या बाईंमुळे आपलं नाव कधी व्हायचं नाही.

अकोल्याचा प्रफुल्ल हा आमचा शेवटचा माणूस ठरला. तो औषधांचं दुकान चालवायचा. तीन वर्षं रविवारी-रविवारी शूटिंग करून त्यानं पाऊण तासाचा एक वऱ्हाडी सिनेमा केला होता. नट सगळे घरचेच. म्हातारीचं काम त्याच्या आईनं केलं होतं आणि सिनेमा पुरा होण्याच्या सुमारास ती वारली होती. दुकानामागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांमध्ये आम्ही बसलो. बाईंनी विचारलं, शेवटचा सीन कसा घेतला? त्यानं लेन्सबद्दल सांगितलं, उजेडाबद्दल सांगितलं. बाई थांबल्या. मग तो म्हणाला की त्या सीनमध्ये आई जे धापा टाकते आहे ते नाटक नव्हतं. तिला खरोखरच श्वास घेता येत नव्हता. त्याला ते कळत होतं.

“मले दिसून राहिलं होतं,” तो म्हणाला. “तरी मी कट म्हटलं नाही.”

बऱ्याच वेळानं बाईंनी विचारलं, “मायनं थांब म्हटलं होतं का?”

त्यानं मान हलवली. “नाही. मी कॅमेरा ठेवाले गेलो तं हातानं नाही म्हने. पुरं कर म्हने. अर्धं ठेवू नोको. मंग दवाखान्यात नेलं.”

त्यानंतर आई एकवीस दिवस जगली. मुलाखत संपल्यावर बाईंनी नेहमीचं विचारलं, काय ठेवू नको? प्रफुल्ल म्हणाला, आईचं सगळंच काढा, काका-आत्यांना यातलं काही माहीत नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, बॅटरी संपत आली आहे, घरी जाऊन काढतो. बाईंनी विश्वास ठेवला. बॅटरी अर्धी होती.

मी ते काढलं नाही. मुलाखत त्या भागाशिवाय टाकली, मूळ रेकॉर्डिंग मात्र तसंच ठेवलं. चार महिन्यांनी मोठ्या शहरातल्या एका वेबसाइटनं नव्या लोकांकडून मिनिटभराचे व्हिडिओ मागवले. मी बसून पन्नास सेकंदांचा तुकडा केला. तो ‘कट म्हटलं नाही’ या शब्दांवर संपवला. त्यापुढचं बाईंचं विचारणं आणि आईचं ‘पुरं कर’ हे मी वगळलं, कारण ते ठेवलं की तुकडा लांबत होता आणि मऊ होत होता. हे मी विचार करून केलं आणि तुकडा त्यांच्या पानावर टाकला.

दोन दिवसांत लाखो लोकांनी तो बघितला. खाली लोकांनी प्रफुल्लला जे लिहिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या काकांनी दुकानात येऊन, गिऱ्हाइकं उभी असताना, वर्षश्राद्धाला घरी येऊ नकोस असं सांगितलं. अकोल्यातल्या काही मुलांनी त्याचा सिनेमा दाखवायला एक हॉल ठरवला होता, तोही रद्द झाला. मला दोन ठिकाणांहून कामाची विचारणा आली.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

“हे तूच कापलं का?”

मी हो म्हणालो. तुकडा लहान हवा होता, वेबसाइटच्या तशा अटी होत्या, असं काहीतरी सांगितलं. पलीकडून काही आलं नाही. मला हे चांगलं माहीत होतं. चार वर्षं मी ही शांतता कॅमेऱ्यामागून बघितली होती. आता मी दुसऱ्यांदा बोलायचं असतं. मला नाव हवं होतं, तुमच्यासोबत फिरून ते मिळत नव्हतं, एवढंच बोलायचं होतं. ते तोंडाशी होतं. मी फोन कानाला लावून उभा राहिलो आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो. शेवटी बाईंनीच फोन ठेवला.

मी तो तुकडा काढून टाकला, पण तोवर तो लोकांनी उचलून दहा ठिकाणी टाकला होता. त्यानंतर रविवारी बाईंचा फोन येईनासा झाला. त्या मला कुठे वाईट बोलल्याचं कानावर आलं नाही. चॅनल तसंच पडून राहिलं. आलेली दोन्ही कामं मी केली. ती बरी झाली. पुन्हा कोणी बोलावलं नाही.

काही महिन्यांनी कळलं की बाई मुलीकडे नाशिकला कायमच्या चालल्या आहेत. गाडी बडनेऱ्यावरून होती, म्हणून मी स्टेशनवर गेलो. त्या बाकावर दोन बॅगा आणि एक पाण्याची बाटली घेऊन बसल्या होत्या. मला बघून बाजूला सरकल्या. डबा कुठे येईल यावर आम्ही थोडं बोललो. जेवला का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी फलाटावरच्या पाटीकडे. गाडी आली. मी बॅगा वर चढवल्या, सीटखाली सरकवल्या, खाली उतरलो. डबा एसीचा, खिडकीची काच काळी होती. आतून त्या दिसत होत्या की नाही हे मला सांगता येणार नाही. मी हात हलवला.

दीड वर्षानं एका हळदीच्या कार्यक्रमात होतो तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईंची मुलगी होती. बाई सकाळी गेल्या, झोपेतच. त्यांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर ‘कॅमेरा’ या नावानं होता, म्हणून हे कोण हे न कळताच तिनं लावला होता. मी हो हो म्हणालो. मी कोण ते सांगितलं. मग आत जाऊन हळद पुरी शूट केली. दुसऱ्या दिवशी ते शूटिंग तपासलं. फोनच्या आधीचं आणि नंतरचं यात काहीच फरक दिसत नव्हता. हात जरासुद्धा हललेला नव्हता. मला त्याचं काही वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही.

तेरावा झाल्यावर मी अकोल्याला गेलो. कशाला गेलो ते मलाही नीट माहीत नव्हतं. प्रफुल्ल दुकानात होता, केस बरेच पांढरे झाले होते. त्यानं मला ओळखलं. मी बाई गेल्याचं सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे. मुलीनं त्यालाही फोन केला होता. मग तो गोळ्यांची पाकिटं लावता लावता सांगत गेला. त्या प्रकरणानंतर, नाशिकला जाईपर्यंत, बाई दर महिन्याला अमरावतीहून बसनं अकोल्याला यायच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्याकडून घ्यायच्या. अमरावतीत त्याच गोळ्या मिळत नाहीत असं नाही. पहिल्या महिन्यात तो त्यांच्याशी बोलला नाही. त्यांनी गोळ्या घेतल्या आणि त्या परत गेल्या. दुसऱ्या महिन्यातही तसंच. तिसऱ्या महिन्यात त्यानं चहा मागवला. एकदा त्या त्याच्या काकांच्या घरी एकट्याच जाऊन बसल्या होत्या. काय बोलणं झालं ते त्याला कोणी सांगितलं नाही, पण दिवाळीला काकांचा फोन आला.

माझ्याबद्दल त्या कधी काही म्हणाल्या का, हे मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. “मी तुमाले लय शिव्या देल्या त्याइच्यासमोर. त्या एकदाच बोलल्या. म्हने, पोरगा वाईट नाही. घाई करते.”

मी काउंटरची काच धरून उभा होतो. एक बाई येऊन खोकल्याचं औषध घेऊन गेली. मग प्रफुल्लनं विचारलं, ते पूर्ण रेकॉर्डिंग आहे का अजून? मला वाटलं, तो आता पुसून टाका म्हणेल. मी पेनड्राइव्ह खिशातून काढून काचेवर ठेवला, आणि सांगितलं की माझ्याकडे दुसरी प्रत नाही. ती सकाळीच मी काढून टाकली होती. हे खरं होतं.

“माय पुरं कर म्हने, ते मी आयुष्यात एकदाच सांगतलं,” तो म्हणाला. “आता सांगाले जातो तं जमत नाही. मले ते पाहाचं हाय.”

त्यानं पेनड्राइव्ह दुकानाच्या कॉम्प्युटरला लावला. मी निघतो म्हणालो. त्यानं बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. पायऱ्या उतरून मी रस्त्यावर आलो. मागून, औषधांच्या कपाटांमधून, बाईंचा आवाज यायला लागला. त्या कशाला तरी हसत होत्या. त्या दिवशी त्या हसल्या होत्या हे मी पार विसरलो होतो.