शंकरपाळ्यांचा डबा आणि आडनाव

मैत्रिणींनो, सकाळपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

मुलगा, सून आणि पाच वर्षांच्या नातवासोबत आज चिखलदऱ्याला निघाले. यवतमाळहून एसटीत बसलो. शेजारच्या बाईंनी डबा उघडून नातवाला एक शंकरपाळा दिला. "नाव काय रे बाळा तुझं?" त्यानं शाळेत सांगतात तसं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.

माझा हात त्याच्या तोंडावर जाता जाता राहिला.

मी त्याच्याएवढी होते तेव्हा साठचं दशक नुकतंच लागलं होतं. बाबांनी बौद्ध धर्म घेऊन चार-पाच वर्षं झालेली. पांढरकवड्याहून नागपूरला मावशीकडे निघालो की आई भाकरी बांधायची आणि बजावायची, "कोनी इचारलं तं नाव सांगजा, गाव सांगजा. आडनाव नोका सांगू." एकदा स्टँडवर धाकट्या भावानं सांगून टाकलं. पाणी पाजणाऱ्या बाईचा तांब्या त्याच्या ओठांपाशी येऊन मागे गेला.

आज त्या बाई फक्त "हो का" म्हणाल्या आणि डबा बंद करून पिशवीत ठेवला.

"आजी, डबा काहून बंद केला त्यांनी?"

"संपले असतीन."

पुढे प्रत्येक वळणावर त्या पिशवीतून शंकरपाळे खुळखुळत होते. घरच्यांसाठी राखून ठेवले असतील. असतीलही.

परवा परतीचा प्रवास आहे. आईचं ते वाक्य नातवाला सांगू की नको, तुम्हीच सांगा.